सृष्टीचा हिशेबनीस : चार्ल्स डार्विन

एखाद्या माळावर गवताचीं रोपें किती आहेत, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण त्याला हंसूं. सगळीं रोपें मोजावयाचीं म्हणजे जन्म पुरावयाचा नाहीं, आणि न मोजतां सांगावयाचें म्हणजे ती निव्वळ थाप होईल. परंतु ह्या दोहोंच्या मधून एक तिसरी वाट जाते. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपली आई सगळें पातेलें उपसून पाहत नाहीं. दोन शितें बोटांत दाबून ती सगळ्या भाताची परीक्षा करते. हीच युक्ति शेताला, तळ्याला, अरण्याला व समुद्राला लावली म्हणजे वनस्पति आणि प्राणी ह्यांच्या अभ्यासाची एक मोठी शास्त्रीय पद्धत तयार होते. मात्र शीत कोठून उचललें, किती शितें उचललीं, आणि उचलल्यावर त्यांची नोंद कशी ठेवली, ह्यांवर त्या परीक्षेचा खरेपणा अवलंबून असतो. हा धडा ज्यांनीं तरुणपणीं एका मोठ्या चुकींतून घेतला व पुढें जन्मभर गिरविला, त्या चार्ल्स डार्विन ह्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांच्या उत्क्रांतिवादाचें नांव सर्वांनीं ऐकिलें आहे. परंतु जमिनीवर गुडघे टेकून एक एक रोप मोजणारे डार्विन फारच थोड्यांच्या परिचयाचे आहेत. आम्हांस येथें त्या डार्विनांची ओळख करून द्यावयाची आहे.

चार्ल्स रॉबर्ट डार्विन ह्यांचा जन्म १८०९ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १२ तारखेस इंग्लंडांतील श्रूज्बरी ह्या गांवीं झाला. वडील रॉबर्ट हे नामांकित वैद्य होते, आणि आजोबा इरॅस्मस हे वैद्य असून कविहि होते. आई वारली तेव्हां चार्ल्स अवघा आठ वर्षांचा होता. शाळेंत ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें पाठांतर चाले, आणि त्यांत ह्या मुलाचें लक्ष लागत नसे. त्याला नाद होता तो शिंपले, दगड व किडे गोळा करण्याचा, आणि जरा मोठा झाल्यावर बंदूक घेऊन पाखरें मारण्याचा. वडिलांना ह्या छंदांचा फार वीट आला. हा मुलगा कुळाला बट्टा लावणार, असें त्यांनीं एकदां रागाच्या भरांत बोलून दाखविलें. ते शब्द डार्विन ह्यांना म्हातारपणींहि आठवत होते. ज्या पालकांचे चिरंजीव पुस्तक टाकून कुंपणाशीं मुंगळे पाहत बसतात, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तरी डार्विन ह्यांनीं वडिलांविषयीं मनांत अढी धरली नाहीं. उलट आपल्या पाहण्यांतला सर्वांत दयाळू मनुष्य म्हणून ते त्यांचें स्मरण करीत.

वैद्यकी शिकावी म्हणून १८२५ सालीं त्यांना एडिंबरो येथें पाठविण्यांत आलें. त्या काळीं गुंगीचें औषध नव्हतें. एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया पाहून हा विद्यार्थी मध्येंच उठून बाहेर पडला, आणि पुन्हां त्या खोलींत त्यानें पाऊल टाकिलें नाहीं. मात्र एडिंबरो येथील दोन वर्षें फुकट गेलीं नाहींत. गुलामगिरींतून मुक्त झालेल्या जॉन एडमन्स्टन नांवाच्या एका कृष्णवर्णी गृहस्थापाशीं ते पक्ष्यांचीं कातडीं पेंढा भरून टिकविण्याची विद्या शिकले, आणि कोळ्यांच्या होड्यांतून जाऊन जाळ्यांत येणारे समुद्रांतील बारीक जीव गोळा करूं लागले.

वैद्यकी जमेना म्हणून धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशानें त्यांना १८२८ सालीं केंब्रिज येथें घालण्यांत आलें. तेथें त्यांना भुंगेऱ्यांचें वेड लागलें. एकदां जुन्या झाडाची साल सोलतांना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले. एकेका हातांत एकेक धरला, इतक्यांत तिसरा दिसला! तोहि सोडवेना, म्हणून उजव्या हातांतला त्यांनीं तोंडांत टाकिला. त्या प्राण्यानें असा जळजळीत रस सोडला कीं तो थुंकावा लागला, आणि त्या गडबडींत तिसराहि निसटला. ही गोष्ट विनोदाची खरी. परंतु त्याच दिवसांत त्यांनीं केलेली एक योजना अधिक विचार करण्यासारखी आहे. हिंवाळ्यांत जुन्या झाडांवरील शेवाळ खरवडून पिशवींत भरून आणण्यासाठीं, आणि दलदलींतून वेत वाहून आणणाऱ्या पडावांच्या तळाशीं सांचलेला केरकचरा गोळा करण्यासाठीं त्यांनीं एक मजूर ठेविला. दिसेल तो किडा पकडण्यापेक्षां, किडे जेथें दडतात ती जागाच उचलून घरीं आणावी व सावकाश चाळावी, असा त्यांतला विचार होता. ह्या युक्तीनें त्यांना कांहीं फार दुर्मिळ जाति मिळाल्या.

केंब्रिज येथेंच प्राध्यापक हेन्स्लो हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना गुरु म्हणून लाभले. हेन्स्लो स्वतः धर्मोपदेशक होते. एका जातीचीं अनेक रोपें निरनिराळ्या ठिकाणांहून आणून ते एकाच कागदावर शेजारीं शेजारीं चिकटवीत, आणि तीं कोठें व केव्हां मिळालीं हें नोंदवून ठेवीत. ह्यांच्याच शिफारशीमुळें बीगल नांवाच्या जहाजावर निसर्गाभ्यासक म्हणून जाण्याचें निमंत्रण डार्विन ह्यांना आलें. वडिलांनीं प्रथम नकार दिला. परंतु मामा जोसाया वेजवुड ह्यांनीं मध्यस्थी केली, आणि १८३१ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २७ तारखेस जहाज निघालें.

प्रवासाला तीन आठवडेहि झाले नव्हते, तोंच डार्विन ह्यांनीं निशाणाच्या कापडाची चार फूट खोल पिशवी शिवून घेतली, तिचें तोंड अर्धवर्तुळाकार कमानीला बांधलें, व ती जहाजाच्या मागें दोरानें ओढीत ठेविली. वर काढून पाहतात तों आंत शेंकडों चिमुकले सुंदर जीव! अथांग समुद्राच्या पोटांत काय आहे हें डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु ठराविक तोंडाची पिशवी ठराविक वेळ ओढली तर समुद्राचें एक शीत हातीं येतें. आजहि समुद्रशास्त्रज्ञ ह्याच तत्त्वावर बनविलेल्या बारीक जाळ्यांनीं काम करतात.

आतां आम्ही त्या चुकीकडे वळतों. १८३५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत बीगल जहाज गालापागोस बेटांना लागलें. हीं बेटें दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस प्रशांत महासागरांत असून ज्वालामुखींपासून झालेलीं आहेत. जहाज तेथें सुमारें पांच आठवडे होतें, आणि डार्विन चार बेटांवर उतरले. त्यांनीं पुष्कळ पक्षी मारून त्यांचीं कातडीं भरलीं. एका बेटावरील उपराज्यपाल लॉसन ह्यांनीं त्यांना सहज सांगितलें कीं, कोणतेंहि मोठें कासव दाखविलें तर तें कोणत्या बेटावरचें आहे हें मी ओळखीन. हें वाक्य सोन्याच्या मोलाचें होतें. परंतु डार्विन ह्यांचें तिकडे तेव्हां पुरेसें लक्ष गेलें नाहीं. एकमेकांपासून दिसण्याइतक्या अंतरावर असलेल्या, एकाच दगडाच्या व एकाच हवेच्या बेटांवर निरनिराळे प्राणी असतील, हें त्यांच्या स्वप्नींहि नव्हतें. म्हणून दोन बेटांवरील पक्षी त्यांनीं कांहीं अंशीं एकत्र मिसळून टाकिले. फिंच नांवाच्या लहान पक्ष्यांना बेटाच्या नांवाच्या चिठ्ठ्या बांधल्या नाहींत. खाण्यासाठीं जहाजावर घेतलेलीं कासवें खलाशांनीं व त्यांनीं मिळून फस्त केलीं, आणि पाठी समुद्रांत फेंकून देण्यांत आल्या. केवळ मॉकिंगबर्ड नांवाच्या पक्ष्यांत बेटाबेटागणिक फरक आहे हें त्यांच्या डोळ्यांत भरलें, आणि त्यांच्या चिठ्ठ्या मात्र त्यांनीं नीट बांधल्या.

१८३६ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २ तारखेस जहाज इंग्लंडला परतलें. पुढील जानेवारींत लंडन येथील पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड ह्यांनीं तीं कातडीं तपासलीं आणि सांगितलें कीं, डार्विन ज्यांना निरनिराळ्या घराण्यांतले पक्षी समजत होते ते सर्व एकाच घराण्यांतले फिंच असून त्यांच्या जाति वेगवेगळ्या आहेत. आतां प्रश्न आला कीं कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा? चिठ्ठी नाहीं तर उत्तर नाहीं. ज्या पुराव्यासाठीं अर्धी पृथ्वी ओलांडली, तो पेटींत असूनहि मुका झाला होता! डार्विन ह्यांना अखेर जहाजाचे कप्तान फिट्झरॉय, आपला नोकर कव्हिंग्टन व इतर सोबती ह्यांच्या संग्रहांचा आधार मागावा लागला. त्या मंडळींनीं बेटांचीं नांवें अधिक काळजीनें लिहून ठेविलीं होतीं. चार पुस्तकें अधिक वाचलेल्या विद्वानाला नोकराच्या चिठ्ठ्या पाहाव्या लागल्या, ह्यांत कमीपणा मानून ते गप्प बसले असते तर आपल्याला ही गोष्ट कदाचित् कळलीहि नसती. परंतु आपण संग्रह मिसळला हें त्यांनीं आपल्या प्रवासवृत्तांतांत उघडपणें छापलें. आमच्या मतें त्यांच्या शास्त्रीय जीवनाचा पाया ह्या कबुलीवर उभा आहे.

१८३९ सालीं त्यांचा विवाह मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशीं झाला, आणि १८४२ सालीं तीं उभयतां लंडन सोडून केंट परगण्यांतील डाउन ह्या खेड्यांत राहावयास गेलीं. प्रवासाहून आल्यावर डार्विन ह्यांची प्रकृति बिघडली ती पुन्हां धड अशी झालीच नाहीं. ज्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यानें पुढील चाळीस वर्षें बहुतेक एका घरांत, एका बागेंत व भोंवतालच्या शेतांत काढलीं. बागेच्या कडेनें त्यांनीं एक वाळूची पायवाट करून घेतली होती. तिच्यावरून ते रोज फेऱ्या घालीत, आणि किती फेऱ्या झाल्या हें चुकूं नये म्हणून वळणावर गारगोट्या रचून दर फेरीला एक पायानें बाजूला सारीत. मोजण्याची संवय अशी अंगांत भिनली होती.

१८५५ सालीं त्यांनीं मुलांच्या शिक्षिका मिस थॉर्ली ह्यांना बरोबर घेऊन घराजवळच्या एका शेताची पाहणी आरंभिली. तें शेत पूर्वीं नांगरलें जाई, परंतु पंधरा वर्षें तसेंच पडीक होतें. त्यांतील प्रत्येक जातीची वनस्पति गोळा करून तिचें नांव शोधावयाचें, असा नियम केला. एका सामान्य शेतांत त्यांना १४२ जाति मिळाल्या. ज्या शेतावरून गांवकरी रोज जात होते, त्यांतल्या दहावीस वनस्पतींचींहि नांवें कदाचित् कोणाला सांगतां आलीं नसतीं.

पुढें १८५७ सालीं त्यांनीं बागेंत तीन फूट लांब व दोन फूट रुंद असा जमिनीचा तुकडा खणून साफ केला. त्यांत कांहींहि पेरलें नाहीं. आपोआप जें तण उगवेल त्याच्या प्रत्येक रोपाला उगवतांच खूण करावयाची, आणि पुढें त्याचें काय होतें हें पाहत राहावयाचें. एकंदर ३५७ रोपें उगवलीं. त्यांपैकीं २९५ मेलीं, आणि तींहि मुख्यतः गोगलगाई व किडे ह्यांच्या तोंडीं पडून. बासष्टच उरलीं! येथें मोजण्याचें महत्त्व पाहा. पावसाळ्यानंतर आपण तणानें भरलेली जमीन पाहतों आणि म्हणतों कीं तण काय माजलें आहे! आपल्याला जगलेलीं दिसतात, मेलेलीं दिसत नाहींत. रोज खूण करणाऱ्यालाच हें कळतें कीं त्या हिरव्या शांततेंत केवढा संहार होऊन गेला.

दुसऱ्या एका ठिकाणीं, जेथील गवत नेहमीं कापलें जात असे, त्यांनीं चार फूट लांब व तीन फूट रुंद असा तुकडा न कापतां वाढूं दिला. आरंभीं त्यांत वीस जाति होत्या. जोरदार वनस्पतींनीं दुबळ्यांना झांकून टाकिलें, आणि नऊ जाति नाहींशा झाल्या. कापणी सर्वांनाच खालीं ठेवीत होती, म्हणून दुबळ्या जाति आजवर तगून होत्या.

सरे परगण्यांतील फार्नहॅम येथें मोठे माळ होते, व दूरच्या टेंकड्यांवर देवदारासारख्या स्कॉच फर वृक्षांचे थोडे जुने पुंजके होते. माळाच्या कांहीं भागाला अलीकडे कुंपण घातलें होतें. तेथें आपोआप उगवलेल्या झाडांची इतकी दाटी झाली कीं सर्व जगणें शक्य नव्हतें. कुंपणाबाहेर मात्र एकहि नवें झाड दिसेना. डार्विन ह्यांनीं दिसण्यावर विश्वास ठेविला नाहीं. खालीं वांकून झुडपांच्या देठांमधून पाहिलें, तों गुरांनीं वारंवार खुडलेलीं इवलीं इवलीं झाडें जागोजाग होतीं. एका चौरस वारांत त्यांनीं ३२ मोजलीं. त्यांपैकीं एकाच्या खोडावर वाढीचीं २६ वर्तुळें होतीं. म्हणजे सव्वीस वर्षें तें झाड डोकें वर काढूं पाहत होतें, आणि दर वर्षीं गाय तें खाऊन टाकीत होती. आंतला एक तुकडा व बाहेरचा एक तुकडा अशी तुलना केल्यावांचून, ह्या माळावर झाड असावें कीं नसावें हें गुरें ठरवितात, ही गोष्ट कोणाच्या लक्षांत आली असती?

तळ्यांतील वनस्पति दूरदूरच्या तळ्यांत कशा पोंचतात, हा त्यांना पडलेला आणखी एक प्रश्न. त्यांनीं फेब्रुवारी महिन्यांत एका लहान तळ्याच्या कांठीं, पाण्याखालून, तीन निरनिराळ्या जागांचा तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचें वजन पावणेसात औंस भरलें. तो आपल्या अभ्यासाच्या खोलींत सहा महिने झांकून ठेविला, आणि जें रोप उगवेल तें उपटून मोजलें. रोपें निघालीं ५३७! न्याहारीच्या एका पेल्यांत मावणारा तो चिखल. मग पाणपक्ष्यांच्या पायांना लागून बीं देशोदेशीं जातें, ह्यांत नवल तें काय? ध्यानांत घ्या, जागा तीन घेतल्या. एकाच जागीं योगायोगानें बीं सांचलें असेल अशी शंका राहूं नये म्हणून ही दक्षता.

ह्या कामांत घरचीं मुलेंहि असत. नर भुंगे ठराविक वाटेनें उडतात व ठराविक जागीं क्षणभर घोंघावून पुढें जातात, असें आढळल्यावर डार्विन ह्यांनीं आपल्या पांच सहा मुलांना एकेका जागीं उभें केलें. भुंगा आला कीं त्या जागचें मूल ओरडे, मग पुढचें, मग त्याच्या पुढचें. अशा रीतीनें भुंग्याची वाट जमिनीवर आंखली गेली. ओळख पटावी म्हणून भुंग्यांच्या अंगावर पिठाची चिमूट टाकीत. बापाला खेळांत गंभीरपणा व मुलांना अभ्यासांत खेळ सांपडला, असें घर धन्य होय. तरी ह्या घरावर दुःखाचे घावहि पडले होते. दहा मुलांपैकीं तीन लहानपणींच गेलीं. त्यांतली ॲनी ही लाडकी मुलगी १८५१ सालीं दहा वर्षांची असतां वारली, आणि तें दुःख आईबापांनीं जन्मभर जपलें.

आपले विचार मनांत येऊन वीस वर्षें होत आलीं तरी डार्विन ते छापीत नव्हते. आणखी एक मोजणी, आणखी एक पडताळा, असें चाललें होतें. १८५८ सालीं आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्यांनीं पूर्वेकडील बेटांतून त्यांना एक निबंध पाठविला. त्यांत तोच विचार स्वतंत्रपणें मांडला होता. डार्विन ह्यांना धक्का बसला, परंतु त्यांनीं तो निबंध दडविला नाहीं. मित्रांच्या सल्ल्यानें दोघांचेंहि लेखन जुलै महिन्याच्या १ तारखेस लंडन येथील लिनियन सोसायटींत एकत्र वाचण्यांत आलें. त्याच आठवड्यांत डार्विन ह्यांचें तान्हें बाळ वारलें होतें, म्हणून ते सभेस नव्हते. पुढील वर्षीं, १८५९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, जातींच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वर सांगितलेलीं तणें, ते माळ आणि तो चिखल त्या ग्रंथांत ठिकठिकाणीं आले आहेत.

शेवटचा ग्रंथ त्यांनीं १८८१ सालीं काढला, आणि तो गांडुळांविषयीं! गांडुळें माती वर आणून टाकतात, हें त्यांनीं ४४ वर्षांपूर्वींच सभेंत मांडलें होतें. १८४२ सालच्या डिसेंबरांत त्यांनीं एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेविले, आणि २९ वर्षें वाट पाहून १८७१ सालीं तेथें चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खालीं गेली होती. दुसऱ्या ठिकाणीं एका विश्वासू बाईनें दोन निरनिराळ्या जागीं एकेक चौरस वार आंखून घेऊन वर्षभर गांडुळांची विष्ठा वेंचली. ती वाळवून तोलली. त्यावरून हिशेब निघाला कीं एका जागीं एकरीं साडेसात टनांहून अधिक व दुसऱ्या जागीं सोळा टनांहून अधिक माती वर्षांत वर येते. एका चौरस वाराचें वजन हेंच येथें शीत, आणि एकर हा भात. दोन जागांच्या उत्तरांत दुपटीहून अधिक अंतर आलें, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. १८८२ सालच्या एप्रिल महिन्याच्या १९ तारखेस त्यांचें देहावसान झालें, आणि वेस्टमिन्स्टर ॲबे ह्या प्रख्यात मंदिरांत त्यांना सन्मानानें पुरण्यांत आलें.

डार्विन ह्यांची पद्धत निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां ते एकाच तुकड्यावर थांबत, आणि तो तुकडा आपल्या नजरेनें निवडीत. नजर नकळत पक्षपात करते. दाट हिरवळ दिसेल तेथेंच आपण चौकट टाकतों. पुढील पिढ्यांनीं हा दोष ओळखला. १८९८ सालीं अमेरिकेंत नेब्रास्का येथील रॉस्को पाउंड व फ्रेडरिक क्लेमेंट्स ह्यांनीं, नजरेचा अंदाज फसवितो हें दाखवून, आंखलेल्या चौकोनांतील रोपें प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत रूढ केली. पुढें असें ठरलें कीं चौकट कोठें टाकावयाची हें चिठ्ठ्या काढून ठरवावें, व एका ऐवजीं अनेक चौकटी घ्याव्या.

ही पद्धत आपल्या विद्यार्थ्यांनाहि साधण्यासारखी आहे. दहा हजार चौरस फुटांचें एक मैदान आहे असें समजा. एक फूट लांबीच्या चार काटक्यांची चौकट करावी, चिठ्ठ्यांनीं ठरलेल्या दहा जागीं ती ठेवावी, व आंतील टाकळ्याचीं रोपें मोजावीं. दहा चौकटींत मिळून तीस निघालीं, तर दर चौकटीस तीन, आणि सबंध मैदानांत सुमारें तीस हजार. ओढ्याच्या कांठापासून उंचवट्यापर्यंत झाडें कशीं बदलतात हें पाहावयाचें असेल, तर सरळ दोर ताणून दर पांच पावलांवर दोराखालीं काय आहे तें लिहीत जावें. पळणाऱ्या प्राण्यांसाठीं तिसरी रीत आहे. चाळीस गोगलगाई पकडून त्यांच्या शंखावर निरुपद्रवी रंगाचा ठिपका द्यावा व जेथल्या तेथें सोडाव्या. कांहीं दिवसांनीं पन्नास पकडल्या आणि त्यांत दहा ठिपक्यांच्या निघाल्या, तर पांचांत एक ठिपक्याची. म्हणून एकंदर सुमारें दोनशें. मात्र ठिपका धुऊन जातां कामा नये, आणि मधल्या काळांत फारशा गोगलगाई मरतां किंवा बाहेर जातां कामा नयेत.

आणि ह्या सर्वांच्या आधीं एक नियम: जागा, तारीख व मोजणाऱ्याचें नांव त्याच क्षणीं लिहावें. घरीं गेल्यावर लिहूं, हें लक्षांतच राहील, ह्या शब्दांवर विश्वास ठेवूं नये. गालापागोस बेटांवर एका बुद्धिमान तरुणानें तो ठेविला होता. त्याची चूक आम्हीं येथें मुद्दाम विस्तारानें सांगितली, ती त्याला लहान करण्यासाठीं नव्हे. चूक सर्वांचीच होते. परंतु ती झांकून न ठेवतां, तिच्यापासून शिकून, पुढें तीन फूट जमिनीचाहि चोख हिशेब ठेवणारे विरळा. येत्या पावसाळ्यांत आमच्या वाचकांपैकीं कोणी घराच्या मागें चार काटक्या रोवून एक तुकडा राखला, व उगवलेल्या प्रत्येक रोपाचा जमाखर्च प्रामाणिकपणें लिहून ठेविला, तर ह्या चरित्राचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.